मुलीचा दोर

गुल्सम बेट,
५ जानेवारी १९७७

सौ. दोक्सिम वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

दारावरचा दोर दिसला नाही की दिसून न दिसल्यासारखं केलंत? डावा पीळ घातलेला, नव्या पेंढ्याचा, मुलगी झाली म्हणून मधेमधे कोळसा नि पाइनच्या डहाळ्या खोवलेल्या. सासूबाईंनी स्वतः वळला होता. बाळंतिणीच्या घराला तीन आठवडे दोर असतो आणि बाहेरच्यानं त्याच्या आत यायचं नसतं, हे गुल्समच्या कुत्र्यांनाही कळतं. तुम्ही तर याच बेटावर वाढलात. मोक्पोत मासे भाजायचं दुकान टाकलं म्हणून आता तो दोर तुम्हाला कपडे वाळत घालायची दोरी वाटायला लागला?

मी वाळवणाच्या पटांगणात होते. खायच्या समुद्री शेवाळाचा हंगाम ऐन भरात, कोपरापर्यंत हात गार पाण्यात, आणि मागे तुम्ही मांजरासारख्या दोराखालून माझ्या घरात शिरलात. तेही खोकत. शेजारच्या गांगजिनवालीनं कुंपणापलीकडून ऐकलं. ती मला सांगत आली की तुझी नणंद आलीय वाटतं, घशात हाड अडकल्यासारखा आवाज येतोय. मी हात पुसत धावत आले तर तुम्ही माझ्या नातीला मांडीवर घेऊन, तिच्या तोंडाला तोंड लावून बोबडं बोलत बसलेल्या. तेव्हा सासूबाई समोर होत्या म्हणून गिळलं. आता गिळणार नाही.

तुमच्या कौतुकाचं काय झालं ते ऐका. दुसऱ्या दिवशी पोर शिंकायला लागली. मग नाक भरलं. मग अंगावर पिईना. दोन घोट घ्यायची, सोडायची आणि धापा टाकायची, जशी काही डोंगर चढून आलीय. आमच्या सुनेनं, मिराननं, तिचं अंगडं वर करून मला हाक मारली. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत खेचली जात होती, खळगा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. छातीतून बारीक शिट्टी. आणि ओठ, वन्सं, वांग्याच्या रंगाचे. आमची बोट धिमी, म्हणून गावप्रमुखाच्या पाया पडून त्याची जोरकस इंजिनाची बोट काढायला लावली. मोक्पो येईपर्यंत मी पोरीच्या नाकापुढं बोट धरून बसले होते, वारा लागतोय की नाही बघत.

दवाखान्यातला डॉक्टर कोवळा पोरगा आहे, पण बोलतो सरळ. तो म्हणाला की मोठ्या माणसाला जे नुसतं पडसं होतं, तेच एवढ्या जिवाला मारू शकतं. आपल्या छातीतल्या नळ्या जाड, सुजल्या तरी वारा जातो. हिच्या शेवईएवढ्या. त्या आतून सुजून चिकट कफानं भरल्या की आत गेलेला श्वास बाहेर निघत नाही. छाती फुगलेली राहते आणि नव्या श्वासाला जागा उरत नाही. मला लगेच कळलं. शेवाळाचा लगदा दाट झाला की चटईतून पाणी निथळत नाही, वरच तुंबतं, तसं. मी विचारलं औषध काय. म्हणाला याला मारणारं औषध नाही. प्राणवायू द्यायचा, नळीनं दूध द्यायचं, कफ ओढून काढायचा आणि ती थकत नाही ना ते बघायचं. थकली तर काय, असं मी विचारलं. थकली तर श्वास घेणंच सोडून देईल म्हणाला. त्यानं माझ्या तोंडावर सांगितलं, मी तुमच्या तोंडावर सांगते.

मिरान पोरीपाशी आहे. पोरगा माझा दूरच्या समुद्रावर मासेमारीच्या जहाजावर, त्याला तर लेकीचं तोंडही माहीत नाही. मी शेवाळ कुजेल म्हणून परत आले. तुमची गल्ली दवाखान्यापासून हाकेवर आहे, पण मी मिरानला बजावलंय की दवाखान्याच्या फरशीवर नीज, त्या बाईच्या घरच्या, चुलीनं खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर पाठ टेकू नकोस.

आता शिक्षेचं. चांद्र नववर्षाच्या सणानंतर सासूबाईंची सत्तरी आहे. तुम्ही यायचं नाही. सगळं बेट येऊन त्यांना वाकेल, मानाचा दारूचा पेला भरून देईल, त्यात तुम्ही नसाल. या घरात चूल मी पेटवते, तेव्हा कोण येणार हेही मीच सांगणार. पोर वाचली तरी यायचं नाही. पोर गेली तर मीच मोक्पोला येईन आणि ते तुम्हाला परवडणार नाही.

शेवटी लोभ असावा असं लिहितात. माझा आटलाय. तुमच्याकडे असला तर जपून ठेवा.

आपली वहिनी,
मक्सुन


मोक्पो,
९ जानेवारी

ती. सौ. मक्सुन वहिनींस,
शि. सा. न.

तुमचं पत्र मी दुकानात उभ्याउभ्या वाचलं. दोन बांगडे जळले आणि गिऱ्हाईक विचारायला लागलं की घरात कुणी गेलं का. मी म्हटलं, नाही, वहिनीचं पत्र आहे.

मांजर म्हणालात. मांजराला कुणी दार उघडून आत घेत नाही. मला घेतलं. दादानं स्वतःच्या हातानं दोर वर धरला आणि म्हणाला की ये गं आत, घरच्या लेकीला कसला दोर. मी म्हटलं, वहिनी ओरडेल. तो म्हणाला की ती शेवाळात आहे, येते कशाला. हे खोटं असेल तर माझी जीभ झडो. विचारा त्याला.

माझा खोकला कालपरवाचा नाही. कोळशाच्या शेगडीपुढं उभं राहून मासे भाजते, सकाळी उठल्यावर खोकते, दुपारी थांबते. ताप नाही, नाक गळत नाही. माझ्या नवऱ्याला, माझ्या पोरांना, शेजारणीला कुणाला तो लागला नाही. तुमच्या नातीलाच तेवढा नेमका लागला? आणि अजून एक. पोर माझ्या मांडीवर असतानाच शिंकली. मी मिरानला म्हटलं की हिला सर्दी दिसते, तर ती म्हणाली की सकाळपासूनच चाललंय. तुम्ही लिहिता दुसऱ्या दिवशी. वहिनी, तुम्ही त्या दिवशी घरात होतात कधी?

पोरीचं वाचून मी शेगडी तशीच विझवली. तुम्हाला खरं वाटणार नाही, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आईच्या सत्तरीला मी येणार. अडवून बघा. मी तिच्या पोटातून आले, तुम्ही हेनामहून बोटीतून आलात.

आपला राग कमी व्हावा ही इच्छा. नाही झाला तरी माझा काही कमी नाही.

तुमची नणंद,
दोक्सिम


गुल्सम बेट,
१४ जानेवारी

सौ. दोक्सिम वन्संस,
सा. न. वि. वि.

बोटीतून आले म्हणालात. हो, बोटीतून आले आणि अठ्ठावीस वर्षं तुमच्या आईची चूल सांभाळली. तुम्ही त्याच बोटीतून गेलात आणि वर्षाला एकदा खारवलेला मासा घेऊन येता. पुढं बोलू नका.

तुमच्या दादांना विचारलं. म्हणतात मी दोर उचलला नाही. मग म्हणतात वाऱ्यानं वर गेला असेल. मी म्हटलं, वारा म्हणाला का ये गं आत? त्यावर ते जाळं दुरुस्त करायला निघून गेले. खरं सांगायचं तर मला तेव्हा त्यांची कीवच आली. बाळ झाल्यावर आठवड्याभरानं ते आडवेच झाले होते. आमच्या बोटीच्या इंजिनाचा भाग आणायला दोन दिवस बाहेर होते, त्या थंडीनं अंग दुखत होतं, नाक वाहत होतं. मीच आल्याचा काढा करून त्यांना जमिनीच्या उबदार टोकाला, पोरीच्या अंथरुणाशेजारी झोपवलं होतं. आधीच थकलेला माणूस, त्यात तुमचं हे आळ घेणं.

दुसरी गोष्ट. मिराननं बोटवाल्याकडून निरोप पाठवला की कुणीतरी बाई रोज बाळंतिणीचं शेवाळाचं सूप आणून देते, नाव सांगायचं नाही म्हणते. मी बोटवाल्याला विचारलं भांडं कसं होतं. तो म्हणाला, झाकणाला बांगड्याचा वास. मग नाव कशाला हवं? वन्सं, सुपानं सुटका होत नाही. आणि खोकत त्या खोलीत शिरलात तर मी गप्प बसणार नाही. भांडं दाराबाहेर ठेवा आणि चालू लागा.

पोरीचा श्वास एकदा पूर्ण थांबला होता. मिरान तिथंच होती. छाती वर आली ती खाली गेलीच नाही. परिचारिकेनं टाचेवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, तेव्हा कुठं ती कण्हली आणि श्वास सुरू झाला. मिरान आता झोपतच नाही म्हणे, पोरीच्या छातीवर नजर लावून बसते. तुम्ही हे वाचताना नीट बसून वाचा. मी लिहिताना उभी होते.

इथं पटांगणात सगळ्यांना सांगून झालंय. तुमचं नाव आता दोरतोडी पडलंय. सत्तरीला आलात तर पोरं त्याच नावानं हाका मारतील. अजूनही यायचं असलं तर या.

बाकी क्षेम म्हणावं असं काही नाही.

मक्सुन


मोक्पो,
१८ जानेवारी

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न.

आता तुम्ही नीट बसा.

तुम्ही नको म्हणालात तरी मी सूप घेऊन गेले. तोंडाला फडकं बांधून, दारातच उभी राहिले. पोर प्राणवायूच्या त्या पारदर्शक तंबूत झोपली होती. पोटाचा भाता अजून हलतो, पण ओठ गुलाबी दिसले. शेजारच्या खाटेवर तसलंच एक पोर, तसाच तंबू. त्याच्याजवळ बसलेली बाई मला बघून उठली आणि माझे दोन्ही हात धरले. मी ओळखलं नाही. ती बान्सोकची बायको. जिन्ने बेटावरचा बान्सोक, दादाचा शाळेतला जोडीदार, लहानपणी आपल्याकडं खेकडे चोरायला यायचा तो. डिसेंबरात वारला. तिच्या नातवाची ही अवस्था. त्या घरात सगळ्यांनाच खोकला झाला होता म्हणे. प्रेत घरात, जमिनीवर माणसं दाटीवाटीनं बसलेली, दारं बंद.

आणि मग ती बाई डोळे पुसत म्हणाली की तुझ्या भावाचे उपकार कसे फेडू, दोन रात्री तो प्रेताजवळून हलला नाही, सगळ्यांबरोबर पत्ते खेळला, दारू प्याला, रडला, बान्सोकला खांदा देऊन मगच गेला.

वहिनी, दारावर दोर असताना दादा मयताच्या घरी! बाहेरच्यानं आत यायचं नाही हे अर्धं झालं. घरच्यानं मयताला जायचं नाही हे दुसरं अर्धं, ते कोण पाळणार होतं? मग आठवलं, तुम्हीच लिहिलं होतंत की इंजिनाचा भाग आणायला दोन दिवस गेले होते, आणि आल्यावर नाक वाहत होतं, आणि कुठं झोपवलं होतंत.

मी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला असलं पडसं अंगात शिरल्यावर चार-पाच दिवसांनी दिसायला लागतं. म्हणजे मी ज्या दिवशी आले त्याच सकाळी शिंकणाऱ्या पोरीला माझ्याकडून काय लागणार? दाखल करताना घरात कुणी आजारी होतं का, असं त्यानं विचारलं होतं. त्याच्या कागदावर उत्तर आहे की कुणी नाही, फक्त आत्याआजी आली होती खोकत. हे उत्तर कोणी दिलं, ते तुम्हाला माहीत. तुम्ही तेव्हा पोरीला धरून आत होतात, बाहेर दादा उभा होता.

तो माझा एकुलता भाऊ आहे. पण त्यानं आपल्या पापाची टोपली माझ्या डोक्यावर ठेवली आणि मी बेटावर दोरतोडी झाले. मला हे विसरता येणार नाही. तुम्हाला काय करायचं ते करा. मागं-पुढं बघू नका.

पटांगणात काय सांगायचं तेही ठरवा.

आपली,
दोक्सिम


गुल्सम बेट,
२३ जानेवारी

सौ. दोक्सिम वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, मग घडी करून कमरेला खोचलं आणि किनाऱ्यावर गेले. हा माणूस खांब ठोकत होता. मी विचारलं, डिसेंबरात आणलेला इंजिनाचा भाग कुठाय. म्हणाला बसवला. मी म्हटलं, दाखवा. त्यानं इंजिन उघडलं. तोच जुना भाग, रॉकेलमध्ये धुऊन चकचकीत केलेला. मी इतकी वर्षं ती बोट चालताना ऐकतेय, तिचा खडखडाट बदलला असता तर मला कळलं नसतं?

मग मी बान्सोकचं नाव घेतलं. तो खांबाला धरून उभा राहिला. आधी म्हणाला की जोडीदार होता, कसा न जाऊ. मी म्हटलं, जायचं होतं तर परत घरी का आलात, दोर उतरेपर्यंत जाळ्यांच्या झोपडीत राहायचं होतं. मयताला गेलेला माणूस तसंच करतो, हे त्याला ठाऊक आहे. त्यावर त्यानं काय उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहिते. म्हणाला की अगं, मुलीचाच तर दोर होता. मुलगा असता, मिरची खोवलेली असती, तर गेलो असतो का?

हे तो भांडताना बोलला नाही. समजूत घालायच्या आवाजात बोलला. मला वाटतं त्याला खरंच वाटलं की हे ऐकून मी शांत होईन.

वन्सं, आपण दोघीही मुलीच. मी तर आईबापांना नकोशी झालेली शेवटची, म्हणून माझं नावच तशा अर्थाचं ठेवलंय. पण मला वाटायचं हे बोलणं माझ्या आधीच्या पिढीबरोबर संपलं. त्या पोरीच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता ना, तो मला त्या क्षणी पुन्हा दिसला. हा माणूस त्या बोटीत माझ्या शेजारी बसून होता. तिच्या नाकापुढं मी बोट धरलं होतं आणि हा म्हणत होता की दोक्सिमला अक्कल नाही. सगळं माहीत असून म्हणत होता.

घरी येऊन मी त्याचं अंथरूण जाळ्यांच्या झोपडीत टाकलं. भाताचं भांडं उंबऱ्याबाहेर ठेवलं, थंड. त्याच्याशी बोलले नाही, पण पटांगणात गेले आणि तिथं भरपूर बोलले. गांगजिनवालीनं हातातली शेवाळ थापायची चौकट खाली ठेवून ऐकलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका त्याच्याकडं बघत नव्हत्या, ते त्याला माझ्या अबोल्यापेक्षा जास्त लागलं. काल सकाळच्या बोटीनं तो गेला. कुठं जाणार? तुमच्याकडंच आला असेल. उबदार जमीन देऊ नका.

सासूबाईंनाही सांगितलं. त्यांनी ऐकलं, भिंतीकडं तोंड करून बसल्या. बोलल्या की कळवीन.

तुमच्यावरचं माझं बोलणं मी अजून मागे घेतलेलं नाही. तुम्ही दोराखालून आलातच. कुणी वर धरला म्हणून पाय तुमचेच होते. पण सत्तरीला या.

मक्सुन


मोक्पो,
३० जानेवारी

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न.

दादा इथंच आहे. त्याला शेगडीपुढं बसवलंय, पंखा हलवतो, डोळ्यांत धूर जातो. गिऱ्हाइकं विचारतात नवा नोकर ठेवलास का. मी हो म्हणते. तो मान वर करत नाही.

आधी पोरीचं. तंबू काढला. मिरानच्या अंगावर पिते, मधे थांबते, दम खाते, पुन्हा पिते. छातीला कान लावला तर अजून शेवटी बारीक शिट्टी ऐकू येते. डॉक्टर म्हणाला की नळ्या सुजून गेल्यात, आतून सोलवटल्यासारख्या झाल्यात, भरून यायला वेळ लागेल. पुढं प्रत्येक साध्या पडशाला ही छाती अशीच वाजेल, वर्ष-दोन वर्षं तरी. धुरात नेऊ नका, खोकणाऱ्याच्या जवळ देऊ नका, घरातला असो की बाहेरचा. घरातला हे त्यानं दोनदा म्हटलं. बान्सोकचा नातूही सावरतोय. येत्या बोटीनं मिरान नि पोर घरी येतील.

दादा दवाखान्यात गेला होता. मिराननं त्याला दारातच थांबवलं. ओरडली नाही. सासऱ्यांना नमस्कार केला आणि विचारलं की मामंजी, खोकला आहे का. तो नाही म्हणाला. तिनं पुन्हा तेच विचारलं. तो पुन्हा नाही म्हणाला. मग तिनं दार लावून घेतलं. तो संध्याकाळपर्यंत बाहेरच्या बाकावर बसला होता.

वहिनी, मला राग आहे. माझ्या जिवावर उठला तो. पण तो रडतो, आणि आईची सत्तरी एकदाच येणार. सगळ्या बेटासमोर एकुलता मुलगा नसला तर लोक आईलाच विचारतील की काय झालं, तिनं काय सांगायचं? त्याला आणते, गुपचूप कोपऱ्यात बसवू. हे घरातल्या घरात राहू दे. पटांगणात झालं तेवढं पुरे.

माझं मात्र ऐका. पटांगणात माझं नाव तुम्ही ठेवलंत, तिथंच ते काढायचं. घरात हळूच सांगून चालणार नाही.

उत्तराची वाट बघते. प्रकृतीला जपा, पाण्यात फार वेळ उभ्या राहू नका.

आपली,
दोक्सिम


गुल्सम बेट,
५ फेब्रुवारी

सौ. दोक्सिम वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

पोर घरी आली. मी हात उकळत्या पाण्यात नाही घातले एवढंच, बाकी सगळं करून मगच तिला घेतलं. एवढीशी झालीय. मांडीवर घेतल्यावर तिच्या छातीचा खरखराट माझ्या तळव्याला लागतो, उकळायला आलेल्या किटलीसारखा. चुलीतला धूर नको म्हणून मी स्वयंपाक मागच्या पडवीत हलवलाय. थंडी वाजते, वाजू दे. कुणी आलं की आधी दारात उभं करते, दहा श्वास घ्यायला लावते, खोकला तर परत पाठवते. गांगजिनवाली तिसऱ्यांदा परत गेली, चिडलीय.

तुमचं नाव काढलं. पटांगणात चौकटी मांडत असताना उभी राहिले आणि म्हटलं की दोक्सिमला दोरतोडी म्हणायचं नाही, पोरीला तिच्याकडून काही झालं नाही, मी चुकीचं बोलले. एवढंच बोलले. कुणीतरी विचारलं की मग सूप कोण द्यायचं रोज. मी म्हटलं, तीच. त्यावर सगळ्या पुन्हा चौकटी मांडायला लागल्या. आता तुमचं-माझं फिटलं. खोकल्याचं मात्र डॉक्टरला दाखवा. शेगडीचा धूरही छातीतच जातो, दुसरीकडं कुठं नाही.

आता तुमच्या विनंतीचं. गुपचूप कोपऱ्यात बसवू म्हणता. नाही. माझ्या नातीची छाती गुपचूप वाजत नाही. ती साऱ्या बेटाला ऐकू येणार आहे, दर थंडीला. मग ज्यानं वाजवली तो कोपऱ्यात कसा बसेल? तो रडतो म्हणता. पोरगी रडूही शकत नव्हती, तेवढा वारा छातीत नव्हता. त्याचं रडणं मला दाखवू नका.

सासूबाई काय बोलल्या ते आता सांगते. तुमचं हे पत्र आल्यावर त्यांना वाचून दाखवलं. आईला विचारतील, ते वाक्य ऐकून त्यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. म्हणाल्या की विचारू देत, मी सांगेन. मग म्हणाल्या की दोक्सिम झाली तेव्हा दोर बांधलाच नव्हता. तुमचे वडील म्हणाले होते म्हणे की मुलीसाठी पेंढा कशाला वाया घालवायचा, गाय उपाशी आहे. सगळं गाव येत-जात होतं. तुम्हीही महिनाभर अशाच घुरघुरत होतात आणि त्यांनी तुम्हाला पोटाशी धरून ते दिवस काढले. कुणाला बोलल्या नाहीत. या पोरीचा दोर त्यांनी स्वतः वळायला घेतला तो त्याचसाठी, हे मला आता कळलं. आणि त्यांचा मुलगा त्याला मुलीचाच तर म्हणाला.

म्हणून आम्ही दोघींनी ठरवलंय ते ऐका. सत्तरीला पहिला पेला तुम्ही भरायचा. मुलगा नाही, मी नाही, तुम्ही. सगळ्या बेटासमोर लेकीनं पहिल्यांदा वाकायचं. हे कुठंच होत नाही, मला माहीत आहे. गावप्रमुख तोंड वाकडं करील. सासूबाई म्हणाल्या की दुसऱ्या कुणाचा पेला त्या हातात घेणार नाहीत. तुम्ही आला नाहीत तर त्या दिवशी कुणाचाच घेणार नाहीत.

तुमचे दादा यायला हवेतच. कोपऱ्यात नाही, अंगणाच्या मधोमध. पाहुणे जेवायला बसायच्या आधी त्यांनी उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगायचं की मी दोर असताना मयताला गेलो, पडसं घरी आणलं, ते बहिणीच्या माथी मारलं, आणि मुलीचाच तर दोर असं म्हणालो. हे शेवटचं गाळायचं नाही. तेच सांगायचंय, बाकीचं त्या एका वाक्यासाठी आहे. सांगून झालं की ते बाहेर चपलांपाशी उभे राहतील आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला विचारतील की खोकला आहे का. जेवायला त्यांना शेवटी वाढीन. वाढीन, हे लक्षात घ्या. त्यांना घराबाहेर काढलं नाही.

ते बोलले नाहीत तर मी बोलेन. त्यांना वाटेल की बायको आहे, चार लोकांत आवरेल. तुम्ही मला ओळखता. त्यांच्या तोंडून ते चार वाक्यांत संपेल. मी सुरुवात केली तर रॉकेलमध्ये धुतलेल्या इंजिनापासून करीन आणि पाहुण्यांचं सूप गार होईल. मिरानही बोलणार आहे. ती कमी बोलते, म्हणून तिचं जास्त ऐकतील.

मला दया नाही असं तुम्हाला वाटेल. वाटू दे. त्या पोरीला पुढच्या थंडीत पडसं झालं की मी रात्रभर तिच्या छातीवर हात ठेवून बसणार आहे, तेव्हा माझ्याजवळ कोण दया घेऊन बसेल ते बघू.

शेगडीपुढं बसलेल्या माणसाला हे सगळं वाचून दाखवा. गिऱ्हाइकं असतील तरी चालेल, उलट असलेली बरी. त्याला विचारा की बोलणार की नाही. आणि तुम्ही सांगा की पहिला पेला भरणार की नाही. भाऊ म्हणून गळून जाऊ नका. दोन्ही उत्तरं एकाच पत्रात हवीत, हो किंवा नाही, मधलं काही नको. बारा तारखेची बोट दुपारी लागते. मी धक्क्यावर उभी राहीन. त्या बोटीत पत्र नसलं तर ते नाही समजेन आणि तुम्हा दोघांच्या वाटचं बोलायला लागेन.

कळावे. लोभ आहे की नाही ते बारा तारखेला कळेल.

मक्सुन